नावाड्याची ओळ

२ सप्टेंबर, सोमवार

ही वही खरं तर गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती. पहिल्या दोन पानांवर छाती, कंबर, बाही आहेच. पण आज जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तिसऱ्या पानापासून पुढची वही माझी.

बुटकीने मला न विचारता कार्यक्रम घेतला.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई पडदे धुवायला टाकायला आल्या होत्या. त्यांच्या नव्या सभागृहात बारा ऑक्टोबरला संध्याकाळी लोकगीतांचा कार्यक्रम आहे, चाळीस मिनिटांसाठी कुणीतरी हवंय. बुटकी इस्त्री खालीसुद्धा न ठेवता म्हणाली, "आम्ही आहोत की." मी समोर मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या, त्यामुळे नाही म्हणायलाही तोंड मोकळं नाही. टाचण्या काढेपर्यंत बाई लिहून घेऊन गेल्यासुद्धा.

वही कुणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून सांगते. बुटकी म्हणजे लॉन्ड्रीवाली, माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या लॉन्ड्रीत पुढच्या कोपऱ्यात बावीस वर्षं माझं शिलाई मशीन आहे. ती धुते, इस्त्री करते. मी उसवते, शिवते. शाळेत मला भोंगा म्हणायचे. प्रार्थनेला मी तोंड उघडलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं घड्याळ लावायची म्हणे. तेव्हापासून मी पुढे उभी राहून गाते आणि ती माझ्या मागे पेटी घेऊन बसते. तिच्या आत्याने शेतात राबताना म्हटलेली एकोणीस गाणी आम्ही नववीत असताना उतरवून घेतली होती, तीच आजवर गात आलो.

आणि गेल्या वर्षी माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण त्यानंतर मी गायलेली नाही. भांडी घासतानासुद्धा नाही. हे विचारतात, "का गं?" मी म्हणते, वेळ कुठे आहे. खरं कारण वहीला सांगते. भीती वाटते. तोंड उघडलं आणि आत काहीच नसलं तर?

तेव्हा मनाशी ठरवलंय. बारा ऑक्टोबर. जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा गाण्याचं नाव काढायचं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली तालीम. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं, तेव्हा मागच्या खोलीत, टांगलेल्या कपड्यांच्या मधोमध. समोर बेचाळीस कोट, म्हणजे श्रोत्यांची कमी नाही.

आमची जुनी पेटी दिसली नाही. भाता फाटला, दुरुस्तीला दिलीय, ही पेटीवाल्याकडून मागून आणलीय, असं बुटकी म्हणाली. ही चकचकीत आहे, जड आहे आणि मला मुळीच आवडली नाही. पट्ट्यांच्या उजव्या टोकाला दोन-तीन बोटं फट आहे. तिथे तिने इस्त्रीचं फडकं कोंबून ठेवलंय. मी म्हटलं, एवढी चकचकीत आणि लाकूड आटलेलं कसं? तर म्हणाली, "तुला गायचंय की सुतारकाम करायचंय?"

मी म्हटलं, जरा खालच्या पट्टीतून सुरू करू या, घसा नवा आहे. तिने साफ उडवून लावलं. "तू काळी पाचची बाई. काळी पाचच." पेटीतलं मला फार कळत नाही, पण डावीकडून मोजत गेलं की पाचवी काळी पट्टी, तिच्यावर माझा सूर, एवढं चाळीस वर्षं पक्कं आहे. तिने माझ्यादेखत तिच्यावर बोट ठेवलं.

पाळण्याचं गाणं घेतलं, सोपं म्हणून. आवाज आला. जाडसर, वर्षभर कपाटात पडलेल्या चादरीसारखा, पण आला. दुसऱ्या कडव्याला खरखर गेली. तिसऱ्याला मी मोकळी झाले. काळी पाचात! डोळे उघडले तर बुटकी खाली पट्ट्यांकडे बघत होती. मला रडू फुटलं. तिने हाताला लागलं ते कापड पुढे केलं आणि मी नाक पुसलं. नंतर पाहिलं तर तो कुठल्याशा वकिलाचा शर्ट होता. पुन्हा धुवावा लागला.

११ सप्टेंबर, बुधवार

बँकेतले साहेब पॅन्ट घेऊन आले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी येतात. "बघा हो, कंबरेत आटलीय." मी म्हणते, "हल्ली कापडात दम नाही साहेब." बायकोशी भांडतील, डॉक्टरांशी भांडतील, पण माझ्याकडून खूश होऊन जातात.

हे काम दोघींचं आहे. शिवणीच्या आत थोडी माया ठेवलेली असते, जादा कापड. मी जुनी शिवण उसवून त्यातलं इंचभर सोडते. मग बुटकी वाफेने जुन्या टाक्यांच्या खुणा अशा घालवते की माणसाने भिंग लावून पाहिलं तरी सापडायच्या नाहीत. पॅन्ट घातली की साहेब आरशात ताठ उभे राहतात. ते ताठ उभं राहणं बघायला मला फार आवडतं. यात खोटं काय आहे? माणसाला त्याच्या कपड्यात सुखाने बसता आलं पाहिजे.

तालीम झकास. कापणीची दोन्ही गाणी बसली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज नदीवरचं गाणं काढलं. शेवटचं हेच घ्यायचं, यावर वाद नाही.

एक बाई अलीकडच्या काठावर अडकलीय, नाव पलीकडे आहे, दिवस मावळतोय. ती हाक मारते:

ओ नावाड्या दादा रे, नाव आण ऐलतीरी,
लेकरू माझं एकलं, पैलतीरी, पैलतीरी.

हाक माझी. पहिला "ओ" एकदम वर जातो आणि तिथेच थांबायचं असतं, दम संपेपर्यंत. त्यावर नावाड्याचं उत्तर बुटकीचं, खालच्या आवाजात:

येतो गं बाई, येतो, हाक तुझी ऐकली,
वल्हं माझं जुनं गं, नाव नाही थकली.

माझी हाक लागली. पूर्वीइतकी धारदार नाही, पण लागली, थांबली, आणि मला वाटलं, ऑपरेशन बिपरेशन सगळं झूठ. रडतराऊत झाली ती बुटकीच. तिचा नावाडी खाली उतरेचना. "वल्हं माझं जुनं"पाशी आवाज निव्वळ वारा. हनुवटी छातीला टेकवून दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ओळ नुसती बोलली. मी म्हटलं, अगं नावाडी बुडाला की काय? ती हसली. म्हणाली, "वय झालं गं माझं."

खरंच झालंय. पूर्वी हीच ओळ ती झोपाळ्यावर बसल्यासारखी म्हणायची. कापलं माझ्या गळ्याला आणि आवाज गेला हिचा, असलं कसलं हे. मी तिला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. जीव तुटतो तिच्यासाठी, पण तोंडावर दाखवलं तर तिला आवडत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी लवकर दुकानात गेले तर बुटकी इस्त्री करता करता गुणगुणत होती. चक्क माझी ओळ, नदीवरची हाक. सूर बऱ्यापैकी लागला होता, वर जाऊन थांबलाही. मी दारात पर्स अडकवली, खुंटीचा आवाज झाला, आणि ती गप्प. मी म्हटलं, "थांबलीस का?" म्हणाली, "कुठे काय, वाफेचा आवाज असेल."

माणसाला दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागतंच.

२८ सप्टेंबर, शनिवार

ग्रंथपालबाई सभागृह दाखवायला घेऊन गेल्या. छान आहे. लाकडी जमीन, दीडशे खुर्च्या, व्यासपीठ फार उंच नाही. कोपऱ्यात त्यांची स्वतःची पेटी, उत्तम. बाई म्हणाल्या, "तुमची उचलून आणायचा त्रास घेऊ नका, हीच वापरा."

बुटकी म्हणाली नाही. बाई म्हणाल्या, अहो, नुकतीच सूर लावून घेतलीय. बुटकी म्हणाली, "माझी पेटी येणार नसेल तर मीही येणार नाही." बाईंचा चेहरा उतरला. मी तर गारच पडले. ही बाई आयुष्यात कुणाशी भांडलेली नाही. गिऱ्हाईक धुतलेल्या शर्टाला डाग दाखवतं आणि ही डाग त्यानेच घरी पाडलेला असला तरी माफी मागते. बाहेर आल्यावर विचारलं, काय झालं गं तुला? तर म्हणाली, "हातातली पेटी ती हातातली."

हातातली कसली, मागून आणलेली तर आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

आज आमचे हे तालमीला आले. डबा द्यायच्या निमित्ताने आले आणि कपड्यांच्या रांगेत स्टूल टाकून बसले. माझी हाक संपल्यावर चष्मा काढून पुसत बसले, बराच वेळ. घरी येताना विचारलं, कसं झालं? म्हणाले, "वर्षभर घर किती शांत होतं ना." एवढंच. प्रश्न काय, उत्तर काय.

काळी पाचात गातेय हो अजून, म्हटलं. म्हणाले, "हो, तिने सांगितलं मला."

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी एक शहाणपणा करायला गेले.

कार्यक्रमाला आपली जुनी पेटी असावी असं मनात होतं. बुटकी पेटीवाल्याकडे जायचं नावच काढत नव्हती, रोज उद्या-उद्या. म्हटलं, आपणच आणू, तिला आश्चर्याचा धक्का देऊ. बटणं आणायला जाते म्हणून सांगून गेले.

पेटीवाले म्हातारे आहेत, चष्म्याला दोरी, समोर फडक्यावर पितळेचे छोटे सूर मांडलेले. विचारलं, "लॉन्ड्रीवाल्या बाईंची पेटी झाली का?" ते म्हणाले, "त्यांची माझ्याकडे कुठे आहे? त्याच माझी घेऊन गेल्यात. सरकत्या पट्टीची."

मी विचारलं, सरकती म्हणजे काय. नको होतं विचारायला. त्यांना वाटलं, मला पेटी घ्यायचीय. दुसरी तशीच काढली आणि हौसेने दाखवायला लागले. "हा खटका उचलायचा आणि ही सगळी फळी डावीकडे ढकलायची. बघा, बोट काळी पाचवरच आहे. सूर मात्र खालचा. एक घर, दोन घरं, तीन घरं. गाणाऱ्याचा गळा उतरलेला असला तर वाजवणाऱ्याला बोटं बदलायला नकोत." मग म्हणाले, "त्यांना तीन घरं खाली हवी होती. मीच बसवून दिली. उजवीकडे फट दिसते म्हणून कुरकुरत होत्या, तर म्हटलं, फडकं लावा."

मी म्हटलं, "मला खरी काळी पाच द्या."

त्यांनी फळी जागेवर आणली आणि सूर धरला. मी उभ्या उभ्या हाक टाकली. "ओ" अर्ध्यावर गेला आणि फाटला. पुन्हा टाकली. पुन्हा फाटला, या वेळी आधीच. त्यांनी भाता थांबवला, खाली पितळेच्या तुकड्यांकडे बघत विचारलं, "बाई, पाणी देऊ का?"

बटणं राहिली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला.

५ ऑक्टोबर, शनिवार

यांना सकाळी चहा देताना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. कप खाली ठेवला. म्हणाले, "ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर सांगितलं. बोलण्याचा आवाज राहील, वरचे सूर परत येणार नाहीत. मी म्हणालो, सांगून टाकू. ती म्हणाली, आधी तिला गाऊ दे, मग सांगू."

"मग?"

"तू वर्षभर गायलीच नाहीस. आणि गायलीस तेव्हा अशी काही घरी आलीस... मग कोण सांगणार?"

मी त्यांना नको ते बोलले. तिलाही, तिच्या माघारी. बेचाळीस कोटांसमोर मी महिनाभर फुशारक्या मारल्या, काळी पाच, काळी पाच, आणि ती समोर बसून ऐकत होती. तिला म्हटलं, गुळण्या कर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दोघांशीही बोलत नाही. पैकी एक घरातच आहे, त्यामुळे जरा अवघड जातंय.

कार्यक्रम करायचा नाही. मनाशी जे ठरवलं होतं ते ठरवलं होतं. जमलं नाही, विषय संपला. ग्रंथपालबाईंना सोमवारी सांगते.

७ ऑक्टोबर, सोमवार

सांगायला निघाले होते. पण बँकेतल्या साहेबांचा कोट आज द्यायचा कबूल केला होता, म्हणून आधी दुकानात गेले. बुटकीने डोकं कसं आहे विचारलं. मी हं म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, मला कळलं नाही.

कोटाची पाठ उसवली, इंचभर सोडली, शिवली, तिच्याकडे टाकली. तिने वाफ दिली. नेहमीसारखंच, एक अक्षर न बोलता. साहेब आले, कोट चढवला, बटण लावलं, आरशात बघितलं. "बघा, मी म्हटलं नव्हतं? माप तेच आहे माझं." आणि ताठ मानेने निघून गेले.

मी बुटकीकडे बघितलं. ती इस्त्रीकडे बघत होती.

बावीस वर्षं मी हे करतेय आणि स्वतःला भली बाई समजतेय. माझ्यावर केलं की ती लबाडी? किती वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले कुणास ठाऊक. राग उतरत गेला तसं दुसरंच डोक्यात आलं आणि ते जास्त बोचलं. कापड सोडायचं तर ते कुठून तरी यावं लागतं. गाणं माझ्यासाठी तीन घरं खाली आलं, म्हणजे तिचा नावाडीही तीन घरं खाली गेला. तो कुठे उतरणार? तळाला वाळूच. तिचं वय झालेलं नाही. तिने स्वतःची ओळ बुडवली, मी वर तरंगावं म्हणून, आणि वर म्हणाली, वय झालं गं माझं.

ग्रंथपालबाईंकडे गेले नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

तालीम केली, जणू काही झालंच नाही. मी तिचा नावाडी ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला म्हटलं तरी चालेल, एरवी मी त्या वेळात दम खाते. हनुवटी छातीला, मान लाल, आणि हातातली पेटी मात्र लोण्यासारखी.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बुटके, हाक तू कधी म्हटलीच नाहीस ना गं?"

"ती तुझी आहे."

"कुणी ठरवलं?"

"बाईंनी. नववीत. म्हणाल्या, उंच मुलगी पुढे, बुटकी मागे." कुणाला दुकानाचा पत्ता सांगावा तसं सांगितलं तिने. आणि मी चाळीसहून जास्त वर्षं पुढे उभी. एकदा मागे वळून विचारलं नाही, तुला यायचंय का.

संध्याकाळी स्वयंपाकघरात यांना बाई केलं. म्हटलं, तुम्ही हाक मारा, मी नावाडी. त्यांनी हातात झारा घेऊन "ओ नावाड्या दादा रे" अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मी उत्तर दिलं. "येतो गं बाई, येतो." ऑपरेशननंतरचा माझा हा जाडसर आवाज त्या ओळीत असा जाऊन बसला, जसा जुन्या चपलेत पाय जातो. कुठे ओढायला नको, ढकलायला नको. मग हे म्हणाले, "पुन्हा म्हण." चार वेळा म्हटली. भाजी लागली खाली.

तिला विचारलं तर ती नाही म्हणणार, हे नक्की. म्हणून विचारणार नाही. चूक आहे का ही? लोकांसमोर तिला असं पकडायचं, आणि तिचा आवाज बसला तर? दोन दिवस आहेत, विचार करते.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल लिहायला बसलेच नाही. आज सगळं लिहिते.

दीडशे खुर्च्या भरल्या होत्या, मागे काही माणसं उभी. हे तिसऱ्या रांगेत. बँकेतले साहेब कोट घालून आले होते. मी नेहमीसारखी पुढे माईकपाशी, बुटकी मागे गादीवर, पेटी तिच्यासमोर, फटीत फडकं. सहा गाणी झाली. चांगली झाली. तीन घरं खाली, पण स्वच्छ, आणि मला आता ठाऊक होतं कुठे उभी आहे ते, त्यामुळे भीती अशी नव्हतीच. पाळण्याच्या गाण्याला पुढच्या रांगेतल्या एक आजी मांडीवरच्या नातीला थोपटत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच नमस्कार केला असता तर कुणाला काही कळलंही नसतं.

मी माईकवर म्हटलं, शेवटचं गाणं, नदीवरचं. मग माईक सोडून मागे गेले, बुटकीसमोर गुडघे टेकले, आणि फटीतलं फडकं उपसून काढलं.

ती म्हणाली, "काय करतेस?"

मी खटका उचलला आणि फळी उजवीकडे ढकलली. एक घर, दोन घरं, तीन घरं. पेटीजवळच्या माईकमधून खट् खट् खट् असा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. बुटकीचा चेहरा पांढराफटक पडला. मी फडकं माझ्या कंबरेला खोचलं आणि हळूच म्हटलं, "कापड आटलेलं नाही बुटके. माप बदललंय. हाक तू मार, नावाडी मी."

"भोंग्या, लोक बसलेत."

"मग ताटकळत ठेवू नकोस त्यांना."

"मला नाही येत ती."

"इस्त्री करताना येते की."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते आणि रागही होता, दोन्ही एकदम. मी पुढचा माईक तिच्यापाशी ओढून आणला. तो माझ्या उंचीचा, ती गादीवर बसलेली. खाली करायला गेले तर खिट्टी घट्ट. मी कपाळाला हात लावला. लोक हसायला लागले, त्यातच बँकेतले साहेब उठून आले, खिट्टी पिळून माईक खाली करून दिला आणि ताठ मानेने परत गेले. तेवढ्या वेळात बुटकीने श्वास घेतला असावा. मी तिच्या मागे जाऊन बसले. मागून तिची पाठ किती लहान दिसते ते मला माहीतच नव्हतं.

तिने काळी पाच धरली. खरी. बराच वेळ नुसता सूर. मला वाटलं, संपलं, मी तिची सगळ्यांसमोर शोभा केली.

आणि मग तिने हाक मारली.

"ओ" आधी बारीक आला, दोऱ्याएवढा. मग तो वर गेला आणि तिथे थांबला. माझ्या हाकेत नेहमी ऐट असायची, बघा मी कुठवर जाते अशी. तिच्या हाकेत लेकरू होतं. अंधार पडतोय आणि ती बाई खरंच अडकलीय, नाव आली नाही तर तिचं काही खरं नाही, असं वाटलं मला. एकोणीस गाण्यांतलं हे गाणं मी शेकडो वेळा गायलेय आणि त्यातली बाई मला काल पहिल्यांदा भेटली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझी ओळ आली तरी मी गप्प. बुटकीने पेटी न थांबवता कोपराने मला ढोसलं.

मी उत्तर दिलं. येतो गं बाई, येतो. हाक तुझी ऐकली.

आवाज आतून कुठूनसा आला, रुंद, खालचा, माझा. तिची मान एकदम सरळ झालेली मला मागून दिसली. "वल्हं माझं जुनं गं" म्हणताना तर मला हसूच आलं. पुढची दोन कडवी कशी झाली ते विचारू नका. ती हाक मारत होती, मी येत होते.

टाळ्या वाजत होत्या तेव्हा तिने मागे वळून विचारलं, "कधी कळलं तुला?"

"बटणं आणायला गेले होते तेव्हा."

"रागावलीस?"

"तीन दिवस. चौथ्या दिवशी साहेबांचा कोट द्यायचा होता."

तिने माझ्या कंबरेचं फडकं ओढून घेतलं आणि दीडशे माणसांसमोर त्यात तोंड खुपसून रडली. मग त्याच फडक्याने मी नाक पुसलं. या वेळी निदान गिऱ्हाइकाचं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

जुनी पेटी तिच्या पलंगाखालीच होती, भाता अगदी धड. आज रिक्षातून दुकानात आणली. मागून आणलेली पेटी त्या पेटीवाल्यांना परत द्यायला मी जाणार आहे. त्या दिवशीचं पाणी प्यायचं राहिलंय, आणि बटणंही.

सकाळी मी पोचले तेव्हा शटर वर होतं. बुटकी टेबलापाशी उभी, वाफ निघतेय, समोर सभागृहाच्या पडद्यांचा ढीग. ती गात होती. गुणगुणत नव्हती, गात होती. मी आत गेले, पर्स खुंटीला अडकवली, खुंटीचा आवाज झाला. तिने मान वर केली, मला बघितलं.

थांबली नाही.

मी मशीनवरचं कापड काढलं, टाचण्यांची डबी बाजूला सरकवली, आणि माझी ओळ यायची वाट बघत बसले.